चोपण रानातला युरिया खाली मुरत नाही, वर उडतो

मोहोळ तालुक्यातल्या एका ऊसकरी शेतकऱ्याचा प्रश्न आहे. चार एकर सुरू हंगामातला ऊस. वरचं अडीच एकर रान बरं, ओढ्याकडचं दीड एकर चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेलं. पाटपाणी आल्यापासून ते वर्षागणिक बिघडत गेलं, आता पाणी मुरतच नाही, सरीत तुंबून राहतं. माती परीक्षणाचा अहवाल असा : सामू (पीएच) ८.९, क्षारता ३.१ डेसीसायमन प्रति मीटर, विनिमय सोडियम (मातीच्या कणांवर चिकटलेला) २२ टक्के, चुनखडी १४ टक्के, उपलब्ध नत्र (नायट्रोजन) हेक्टरी ११८ किलो. चोपणात एकरी आठ पोती युरिया पडूनही ऊस पिवळा, आणि वरच्या रानात भावाने पाच पोत्यांत फड काळाभोर केलेला. दुकानदार म्हणतो, खत खाली मुरतंय, अजून दोन पोती टाका. शिवाय ओढ्याला लागून पंधरा-वीस गुंठे पाणथळ आहे. तिथं बारमाही ओल असते, पाणकणीस माजलंय. ते मुरूम टाकून भरून घ्यावं का, असंही त्यांना विचारायचंय.

दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तर जरा लांबणार.

आधी दुकानदाराचं बोलणं बघू. रानात पाणी मुरत नाही, पाणी दिलं की चार-चार दिवस सरीत तुंबून राहतं, हीच तर तुमची मूळ तक्रार. ज्या मातीत पाणी खाली जाईना, तिच्यात खत खाली कसं जाईल? मुरमाड माळावर खत खाली निसटतं, हे खरं. चोपणात सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटून पसरतात, बारीक छिद्रं बुजतात आणि जमीन वरून साबणासारखी होते. तिथलं नत्र मुख्यतः दोन वाटांनी जातं आणि दोन्ही वाटा वर, हवेत जातात. एक वाट वासाची आहे, दुसरीला वासच नाही.

वासाची वाट म्हणजे अमोनिया. युरिया ओल्या मातीत पडला की मातीतलं युरिएज नावाचं विकर त्याचं अमोनियम कार्बोनेट करतं. उन्हाळ्यात हे काम दोन-तीन दिवसांत उरकतं. त्या काळात दाण्याभोवतीच्या मातीचा सामू आणखी चढतो, म्हणजे चांगल्या जमिनीतसुद्धा दाण्यापुरतं छोटं चोपण तयार होतं. तुमच्याकडे तर सुरुवातच ८.९ पासून आहे. अमोनियम पाण्यात असताना त्याचा काही हिस्सा वायुरूप अमोनिया असतो, आणि हा हिस्सा किती ते सामू ठरवतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर शंभरात एक भागही नसतो. ८ ला साधारण ५ भाग, ८.५ ला १५, ९ ला ३६, आणि ९.२५ ला बरोबर निम्मा. ऊन वाढलं की आकडे आणखी चढतात. ३५ अंशांना सामू ९ वरच निम्म्याहून जास्त भाग वायू होऊन बसतो. सोलापूरच्या एप्रिलमध्ये दुपारी मातीचा वरचा थर किती तापतो, हे अनवाणी चाललेल्याला सांगायला नको.

आता तुमचं वेळापत्रक बघा. संक्रांतीची, सोलापूरची गड्ड्याची यात्रा उरकली की सुरू हंगामाची लागण होते. सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस टक्के नत्र द्यायचं, म्हणजे पाडव्याच्या मागेपुढे. दुसरे चाळीस टक्के मोठ्या बांधणीला, उसाला मातीची भर लावताना, म्हणजे मे-जूनमध्ये. नत्राचे दोन्ही मोठे हप्ते वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या, वाऱ्याच्या दिवसांत पडतात. शिफारशीत चूक नाही, उसाची भूक त्याच वेळी असते. पण हे हप्ते चोपणावर नुसते फेकले तर त्यातला मोठा वाटा उसाआधी वारा घेऊन जातो. वाईट परिस्थितीत फेकलेल्या नत्राचा तिसरा हिस्सा, कधी निम्माही पहिल्या आठवड्या-पंधरवड्यात गेलेला असतो.

इथं एक गोष्ट बहुतेक लोक धरत नाहीत, आणि अहवाल वाचून सल्ला देणारेही विसरतात. अमोनिया उडाला की मागे आम्ल उरतं. नुसता सामू जास्त असता तर थोडा अमोनिया उडून सामू खाली आला असता आणि गळती आपोआप थांबली असती. चोपणात ती थांबत नाही, कारण त्या पाण्यात बायकार्बोनेटचा साठा असतो आणि तो हे आम्ल गिळत राहतो. म्हणून मी नेहमी विहिरीच्या पाण्याचाही अहवाल मागतो. कडेला पांढरं पुट धरणारं, बायकार्बोनेटचं पाणी, पाणी देण्याच्या दर पाळीला तो साठा नव्याने भरतं.

मिठाचंही यात अंग आहे. काळी माती एरवी अमोनियम धरून ठेवण्यात पटाईत, कणांवरच्या ऋणभारित जागांवर ती त्याला चिकटवून ठेवते. पण त्या जागांवर आधीच सोडियम बसलेला असला की अमोनियमला जागा कमी मिळते आणि ते पाण्यात मोकळं हिंडतं. शिवाय अमोनियमचं नायट्रेट करणारे जीवाणू खाऱ्या मातीत मंदावतात, त्यातही दुसरी पायरी करणारे, नायट्राइटचं नायट्रेट करणारे, जास्त नाजूक. मोकळा अमोनिया साचला की तेच आधी बसतात. परिणाम असा की नत्र अमोनियमच्या रूपात जास्त दिवस थांबतं, आणि जितके दिवस थांबेल तितकं उडण्याच्या तोंडावर राहतं. कडुनिंबाचं आवरण असलेला युरिया २०१५ पासून सक्तीचा झाला, तो चांगलाच आहे, पण तो नायट्रेट होण्याची गती कमी करतो. वाहून जाणाऱ्या आणि तुंबलेल्या पाण्यात वायू होऊन जाणाऱ्या नत्रावर त्याचा उपयोग. अमोनिया उडण्यावर तो उपाय नाही. निंबोळीच्या भरवशावर चोपणात युरिया उघडा टाकू नका.

हे माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा घरीच करून बघा. काचेच्या दोन बरण्या घ्या. एकीत चोपणाची ओली माती, दुसरीत भावाच्या रानातली. दोन्हींत अर्धा चमचा युरिया वरून टाका. कागदाच्या दोन पट्ट्या हळदीच्या पाण्यात भिजवून झाकणाला आतून चिकटवा. मातीला लागू देऊ नका. झाकणं घट्ट लावून दोन दिवस ठेवा. चोपणाच्या बरणीतली पट्टी आधी आणि जास्त लाल होईल. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तोच हा प्रकार, फक्त इथं चुन्याच्या जागी अमोनिया आहे. पट्टी बाहेर काढून वाऱ्यावर धरली की ती परत पिवळी पडू लागते. तिच्यावरून उडून गेला तोच तुमचा युरिया. खात्री हवी तर तिसऱ्या बरणीत युरिया न घालता नुसती माती ठेवा.

अमोनियम सल्फेट वापरलं तर? हा प्रश्न पुढे येणारच. खत आम्लधर्मी आहे आणि गंधकही देतं, म्हणून ते चोपणासाठी सुचवतात. युरियापेक्षा बरं, हे मान्य. पण तुमच्याकडे १४ टक्के चुनखडी आहे. चुनखडीवर अमोनियम सल्फेट उघडं पडलं की त्याचंही अमोनियम कार्बोनेट होतं आणि पुन्हा तीच गोष्ट. खत कोणतंही असो, ते मातीआड जाणं महत्त्वाचं.

आता बिनवासाची वाट. पाणी तुंबलं की मातीतला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. मग काही जीवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्राचा वायू हवेत सोडतात. हवेत ७८ टक्के असलेला हाच वायू. ना वास, ना रंग. म्हणून याची तक्रार घेऊन कुणी माझ्याकडे येत नाही. यासाठी तीन गोष्टी लागतात : नायट्रेट, कुजणारा सेंद्रिय माल आणि तुंबलेलं पाणी. तुमची पाळी बघा. पाणी दिलं, चार दिवस तुंबलं, मग दहा-बारा दिवस रान सुकलं. सुकताना जे थोडंफार नायट्रेट बनलं, ते पुढच्या तुंबवणीत गेलं. कायम ओल्या मातीपेक्षा अशी ओली-सुकी होणारी माती जास्त नत्र घालवते, कारण एका पाळीत माल तयार होतो आणि दुसऱ्या पाळीत संपतो. चर खणताना काळ्या चिखलाला सडलेल्या अंड्यासारखा वास आला तर तो सल्फाइडचा. मातीत प्राणवायू अजिबात उरला नाही याची ती खूण आहे.

दोन वाटांपैकी मोठी कोणती? तुमच्या रानात उन्हाळी हप्त्यांना अमोनियाची, पावसाळ्यात आणि ओढ्याकडच्या पट्ट्यात तुंबलेल्या पाण्याची. आठ पोती म्हणजे, ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र धरून, एकरी १६५ किलो. सुरू उसाची शिफारस एकरी १०० किलो; चोपणात २५ टक्के जास्त, म्हणजे सहा पोती. तुम्ही दोन पोती वरच टाकताय. आणखी दोन टाकली तर ती कुठे जातील, हे हळदीच्या पट्टीने सांगितलंच. माझ्या उमेदीच्या काळात मीही एकाला असंच ‘वाढवा’ म्हणून सांगितलं होतं. पुढच्या हंगामात तो माणूस शांतपणे म्हणाला, साहेब, ऊस होता तसाच आहे, फक्त उधारी वाढली. तेव्हापासून चोपणाच्या अहवालावर नत्राचा आकडा मी सगळ्यात शेवटी वाचतो.

आता करायचं काय. निचरा सगळ्यात आधी, खत नंतर. हा क्रम उलटा करणाऱ्याचे पैसे वाया गेलेले मी इतक्यांदा पाहिलेत की आता वाद घालत नाही. ओढ्याच्या बाजूने उतार धरून चर काढा. ऐपत असेल तर जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाका, सांगली-कोल्हापूरकडे ही कामं बरीच झाली आहेत, बघून या. निचऱ्याला वाट झाल्यावर जिप्सम. त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतं आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर चरातून बाहेर जातो. चर नसेल तर तो जातो कुठे? तिथेच राहतो. जिप्सम किती लागेल ते प्रयोगशाळेत काढून मिळतं, अंदाजाने टाकू नका. शेणखताबरोबर वरच्या वीतभर थरात मिसळा, खोल नांगरून पुरू नका. आपल्या विषयाशी त्याचा थेट संबंधही आहे : जिप्सम आणि अमोनियम कार्बोनेट भेटले की एकीकडे चुनखडी बसते आणि दुसरीकडे अमोनियम सल्फेट होतं, म्हणजे उडणाऱ्या नत्राला थोडा लगाम लागतो. चुनखडीच्या रानात गंधकही चालतं, पण त्याचं आम्ल करणाऱ्या जीवाणूंना वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली माती, लागतो. तुंबलेल्या रानात गंधक टाकून काही होत नाही.

खत द्यायच्या पद्धतीबद्दल थोडं. वाफशावर, सरीच्या बगलेला चार बोटं खोल चळी (लहान चर) घेऊन युरिया टाका आणि लगेच मातीआड करा. खोडव्याला, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाला, आपल्याकडे पहारीने खत देतात : बुडख्यापासून वीतभर अंतरावर, वीतभर खोल, फूटभर अंतराने भोकं पाडून त्यात खत घालायचं आणि भोक बुजवायचं. मजूर कुरकुरतात, पण चोपणासाठी लागणीच्या उसातही यापेक्षा चांगली पद्धत माझ्या पाहण्यात नाही. पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांवर, युरिया कधीही फेकू नका. पाचटावर युरिएज जास्त असतं, दाणा मातीला लागायच्या आतच फुटतो. तुंबलेल्या पाण्यातही फेकू नका. त्यात हिरवं शेवाळ असेल तर दुपारी ते उन्हात पाण्यातला कर्बवायू खाऊन पाण्याचा सामू ९ च्या वर नेतं. सकाळी ८.२ असलेलं पाणी दुपारी ९.३ झालेलं मी स्वतः मोजलंय. ठिबक बसवता आलं तर सगळ्यात उत्तम : दर आठवड्याला थोडं थोडं, आणि खत पाळीच्या मधल्या भागात सोडा, शेवटच्या भागात साधं पाणी, म्हणजे युरिया फुटायच्या आधी मुळांशी पोचतो. युरियाच्या रेणूवर भार नसतो, तो पाण्याबरोबर जातो. अमोनियम झाल्यावर मात्र तो जागेवर अडकतो.

ऊस तुटल्यावर एक हंगाम धैंचा घ्या. चोपण आणि तुंबवण दोन्ही सोसणारं असं दुसरं हिरवळीचं पीक आपल्याकडे नाही. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलोऱ्याच्या आत गाडा. पण गाडल्यावर लगेच पाणी तुंबवू नका, नाहीतर ताजा हिरवा माल त्या बिनवासाच्या जीवाणूंच्याच तोंडी जाईल.

आता पाणथळाचं. भरू नका. हे मी पक्षिप्रेमी म्हणून सांगत नाही, जरी सकाळी तिथं बगळे बसलेले बघायला मला आवडेल.

तो खड्डा आजार नाही, तो तुमच्या रानाचा सांडवा आहे. वरच्या सगळ्या रानांचा पाझर शेवटी तिथं येतो. मुरूम टाकलात तर पाणी थांबणार नाही, ते मागे दबेल आणि तुमच्या दीड एकराचं चोपण दोन एकर होईल. शिवाय तुम्ही जो चर काढणार, त्यातून मीठ आणि नायट्रेट दोन्ही बाहेर पडणार. पाणकणसाच्या मुळांकडे बघा. पोकळ पानांतून ते हवा खाली नेतं आणि मुळाभोवती थोडा प्राणवायू झिरपतो. तिथं अमोनियमचं नायट्रेट होतं. काही मिलिमीटर बाजूला चिखल पूर्ण बिनप्राणवायूचा. तिथं त्याच नायट्रेटचा वायू होतो. रानात जी गळती तुमचा खिसा कापते, तीच इथं ओढ्याचं पाणी धुऊन देते, आणि तेही फुकट. चिखल अल्कधर्मी असला की ही साखळी शेवटच्या, निरुपद्रवी नत्रवायूपर्यंत पोचायला मदतच होते; आम्लधर्मी मातीत ती नायट्रस ऑक्साइडवर जास्त अडकते, आणि तो वायू कर्बवायूच्या सुमारे २७० पट उष्णता धरणारा. मीठ आणि सल्फाइड फार वाढले तर मात्र ही शेवटची पायरी चिखलातही अडखळते. म्हणून चर थेट पाणकणसात सोडा, पण पाणथळाला पुढे ओढ्यात जायची वाट ठेवा, म्हणजे मीठ साचणार नाही. वाट नसेल तर काही वर्षांनी तिथं पाणकणीसही उगवणार नाही. मीठ साचत गेलेल्या बंद खड्ड्याचं टोक पाहायचं असेल तर लोणार आहे : पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, आणि सामू १० च्या आसपास.

हेच काम मोठ्या प्रमाणावर कुठे चालतं, ते बघायला लांब जायला नको. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. ११७ टीएमसीच्या त्या धरणाच्या फुगवट्याला करमाळा-माढ्याच्या बाजूने जो उथळ गाळाचा काठ आहे, तिथला चिखल येणाऱ्या नायट्रेटचा काही हिस्सा असाच हवेत सोडत असतो. रोहित पक्षी बघायला लोक जातात, चिखलाकडे कोण बघतो! धरण वजा झालं, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्या खाली गेलं, की तिथं उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, होते. पाणी ओसरून गाळ भेगाळला की हवा आत शिरते, नायट्रेट तयार होतं आणि गाळपेरीचं पीक बिनखताचं तरारतं. मग पाणी परत चढलं की उरलेलं नायट्रेट चार दिवसांत उडून जातं. तुमच्या पाणथळात उन्हाळ्यात नांगर घालायचा मोह होईल, ‘गाळ कसदार आहे’ म्हणून. पहिल्या पावसात तो कस गेलेला असेल, आणि पाणकणसाची मुळंही.

राहिला तुमचा अहवाल. उपलब्ध नत्र ११८ म्हणजे ‘अत्यंत कमी’, बरोबर. पण आपल्या नेहमीच्या पद्धतीत परमँगनेट घालून अमोनिया ऊर्ध्वपातनाने काढतात; त्यात नायट्रेट येत नाही. शिवाय ओला नमुना प्लास्टिकच्या पिशवीत चार दिवस गाडीत फिरला असेल तर वाटेतच त्याचं काय काय होतं. पुढच्या वेळी नमुना सावलीत सुकवून कापडी पिशवीत आणा, चोपणाचा वेगळा, वरच्या रानाचा वेगळा, आणि खत दिल्यानंतर निदान दोन महिने गेलेले असू द्या. विहिरीचं पाणी लिटरभर बाटलीत, काठोकाठ भरून. आणि युरियाच्या रिकाम्या पोत्यात माती आणू नका. मागे एकाने तशी आणली होती, आणि त्याच्या पडीक माळाचं नत्र ‘अत्यंत जास्त’ आलं.